न धरलेला नेम

"वार्धक्य ही आयुष्याची संध्याकाळ नव्हे, ती मोक्षाची पहाट आहे!"

आषाढी एकादशीच्या सकाळी आमच्यापुढे उभं राहून दत्तात्रेयपंत असं म्हणाले. पंत तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते आणि ह्या पहाटेची त्यांना स्वतःला काही घाई नव्हती. समोर आम्ही अकरा जण बसलो होतो. पैकी तिघांना झोप लागली होती, एकाला ऐकू येत नव्हतं, आणि गुणाजी शेजाऱ्याला विचारत होता की साबुदाणा भिजलाय का.

ही गोष्ट चौतीस सालची, रेवदंड्याच्या 'वानप्रस्थ मंदिरा'तली. मुंबईच्या एका कापडवाल्या शेठजींनी मातोश्रींच्या स्मरणार्थ ते बांधलं होतं. मातोश्री हयात असताना शेठजींना मुंबईच्या घरात त्यांच्यासाठी एक खोली सापडली नव्हती. त्या वारल्यावर त्यांनी नारळी-पोफळीच्या वाडीत अकरा खोल्या बांधल्या. निराधार म्हाताऱ्यांनी तिथं राहावं, जेवावं आणि शेठजींचं नाव घ्यावं. पंत तिथले व्यवस्थापक. मी तिथं कसा आलो हे माझ्या मुलाला विचारा. तो जास्त चांगलं सांगतो.

प्रवेश सर्व जातींना असावा, अशी शेठजींची अट होती. मंदिराचा कारभार पाहणाऱ्या समितीने दोन कोळणी घेऊन ती अट पुरी केली. त्यांना विहिरीपासून सगळ्यांत लांबची, गोठ्याला लागून असलेली खोली दिली. कारण विचारलं तर पंत सांगत, तिथं हवा चांगली आहे. हवा गोठ्याची होती.

ह्या दोघी जावा. थोरली आवडाबाई, धाकटी नीराबाई. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, एकाच होडीवर जाणारे, दोघेही गेले. आवडाबाईला मूल नव्हतं. नीराबाईचा मुलगा बोटीवर खलाशी होता आणि एडनच्या पलीकडे कुठंतरी असायचा. चाळीस वर्षं ह्या जावांनी रेवदंड्याच्या बाजारात समोरासमोर पाट्या मांडून मासळी विकली होती आणि चाळीस वर्षं त्या भांडल्या होत्या. मंदिरात आल्यावर पंतांनी त्यांना तीन गोष्टींची बंदी केली: मासळी, भांडण आणि काम.

"आता काही करायचं नाही, बाई," पंत म्हणाले. "आयुष्यभर कष्ट केलेत. आता फक्त विश्रांती."

"आणि विसरांती झाल्यावर काय करायचं?" नीराबाईने विचारलं.

पंतांनी थोडा विचार करून सांगितलं, "नामस्मरण." दुसऱ्या दिवशी नीराबाई अंगण झाडू लागली तेव्हा त्यांनी तिच्या हातातला खराटा फार आदराने काढून घेतला. विहिरीवर गेली तेव्हा घागर काढून घेतली. एकदा ती स्वयंपाकघराच्या दाराशी नारळ सोलायला बसली, तेव्हा तर आचाऱ्याने सगळं स्वयंपाकघर धुऊन काढलं.

मासळीच्या बाबतीत मात्र नीराबाई हार मानणाऱ्यांतली नव्हती. तिच्याकडे सुकटीचा एक पत्र्याचा डबा होता. पंत झडती घेत आणि डबा सापडत नसे. पुढे एका गुरुवारी भजनाला पेटीचा भाता दाबला मात्र, 'ज्ञानराजा'च्या स्वराबरोबर असा काही दरवळ सुटला की गोठ्यातली मांजरं आत आली. डबा पेटीच्या मागच्या फळीआड होता. पंत संतापाने लाल झाले आणि नीराबाई खांबाला टेकून, पदर तोंडात कोंबून, गदागदा हसत राहिली. तिचं ते हसणं मी विसरलो नाही, कारण पुढे ते बंदच झालं.

तर एकादशी. मोक्षाची पहाट झाल्यावर पंतांनी प्रत्येकाला चातुर्मासाचा नेम धरायला लावला. चार महिने काहीतरी सोडायचं. देवापुढे, पाणी सोडून, मोठ्याने सांगायचं. मी वांगं सोडलं, जे मला लहानपणापासून आवडत नाही. गुणाजीने तंबाखू सोडली, फक्त दुपारी झोपेत असताना. आवडाबाईने जेवताना मौन धरलं. ते आमटी वाढेपर्यंत टिकलं. आमटी पाहिल्यावर कुणाचंच टिकलं नसतं.

"आणि नीराबाई, तुमचा नेम?"

"बघू," नीराबाई म्हणाली आणि उठून गेली.

त्याच आठवड्यात दोघी जावांचं एक भांडण झालं. विषय नेहमीचाच होता. प्लेगच्या साली वाळत घातलेले बोंबील अवेळच्या पावसात भिजले, ते कुणाच्या हलगर्जीपणाने? ह्या खटल्याची सुनावणी दर महिन्याला होत असे आणि आम्ही ओटीवर बसून ती ऐकत असू. आवडाबाईने आरोप केला. आता नीराबाई तिच्या माहेरापासून सुरुवात करणार, म्हणून आम्ही कान टवकारले.

नीराबाई म्हणाली, "तुजंच खरं असेल, बाय."

चाळीस वर्षांत हे वाक्य त्या दोघींत कुणी उच्चारलं नव्हतं. आवडाबाई सटपटली. तिला तो टोमणा वाटला. इतका जहरी टोमणा तिला आजवर कुणी मारला नव्हता, म्हणून तिने धाकट्या जावेशी अबोला धरला. नीराबाईने तो मोडला नाही. तेव्हा आवडाबाईने आणखी घट्ट धरला. एका खोलीत दोन बाया, एक भिंतीकडे तोंड करून, दुसरी दाराकडे.

श्रावणात नीराबाई सुकटीचा डबा घेऊन स्वतः पंतांच्या खोलीत गेली, डबा त्यांच्या बैठकीवर ठेवला आणि काही न बोलता परत आली.

पंतांना हा आपल्या हयातीतला सर्वांत मोठा विजय वाटला. त्या दिवशी त्यांनी प्रवचन केलं, विषय होता 'वासनाक्षय'. डबा समोर उदाहरण म्हणून ठेवला होता. मागून मांजरं ऐकत होती.

मग एकेक सुरू झालं. नीराबाईने भाकरी अर्धी टाकली, मग पाऊण. केस विंचरायचं सोडलं. अंगाला पाणी लावायचं सोडलं. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यातून वाजत-गाजत सोन्याचा नारळ निघाला, आमच्या कुंपणावरून गेला, बायका हाक मारत होत्या, "नीराबाय, चल गं!" तिने मान वळवली नाही. पहाटे कोंबड्याच्या आधी ती जागी असे आणि उजाडलं तरी तशीच पडून राहत असे. काही विचारलं तर उत्तर यायला इतका वेळ लागे की विचारणारा निघून गेलेला असे.

पंतांनी निदान केलं: "मौन. अन्नत्याग. देहाची विस्मृती. ह्या बाईने आपल्या सगळ्यांत मोठा नेम धरलाय आणि बोभाटा केला नाही. याला म्हणतात वैराग्य!"

आणि आम्हाला सांगितलं की तिच्याकडून काही शिका.

मला राग आला की मी फार सभ्य बनतो, म्हणून पुढचं सभ्यपणेच सांगतो. गावात बातमी गेली. बायका दर्शनाला येऊ लागल्या. गोठ्याजवळच्या खोलीपुढे, जिथं हवा चांगली होती तिथं, रांगोळी आली. ज्या बायका हिच्याशी दोन पापलेटांसाठी घासाघीस करताना हिच्या सात पिढ्या काढत, त्या आता हिच्यापुढे खडीसाखर ठेवू लागल्या. खडीसाखर संध्याकाळी पंतांच्या घरी जाई. ज्या आचाऱ्याने तिच्या सावलीपायी स्वयंपाकघर धुतलं, तो आता लांबून का होईना, हात जोडी. पंतांनी तिच्या दारात गुरुवारचं भजन बसवलं. एक म्हातारी आमच्या डोळ्यांदेखत विझत होती आणि आम्ही तिच्यापुढे टाळ कुटत होतो.

नवरात्रात आवडाबाईने अबोला मोडला. तिची मोडण्याची पद्धत तिची होती.

"ए नीरे! तुज्या आईने तुला नीट वाढवली असती तर कोर्लईहून इथवर तुला कोण देतं? तुज्या बापाची होडी! होडी कसली, परसाकडला न्यायचं टमरेल ते!"

हे ऐकून मेलेला उठला असता. नीराबाईने डोळे उघडले. त्यांतून पाणी वाहू लागलं, आवाज नाही, हुंदका नाही, नुसतं पाणी. आणि तिने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

आवडाबाई तशीच उठून पंतांच्या खोलीत गेली. मी तिथं वर्तमानपत्र मागायला गेलो होतो.

"सायेब, डाक्टर बोलवा. माज्या जावेला बरं न्हाय."

"त्यांना काय झालंय, बाई? ताप नाही, खोकला नाही."

"तिला शिव्या लागत न्हाईत!"

पंत माझ्याकडे पाहून हसले. "त्या आता निंदा-स्तुतीच्या पलीकडे गेल्या आहेत."

"पलीकडे गेली म्हंजे? पलीकडे गेली तर माघारी आणाय नको?"

"आवडाबाई, तुम्हाला कळायचं नाही ते."

"मला न्हाय कळत, तुमाला बी न्हाय कळत. मग डाक्टराला विचारा!"

अलिबागचे डॉक्टर महिन्यातून एकदा टांग्याने येत. सज्जन माणूस, त्यांच्याविषयी ह्याहून वाईट मला काही सांगता येत नाही. त्यांनी नीराबाईची नाडी पाहिली, जीभ पाहिली, छातीला नळी लावली. तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. उभ्याउभ्याच पंतांना म्हणाले, "वयोमान. ह्या वयात माणसं अशी होतातच."

"मी हिच्यापेक्षा मोठी हाय!" आवडाबाई दारातून ओरडली. "मी अशी हाय का?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. ती तशी नव्हती हे दिसत होतं. पण टांगा थांबला होता.

कार्तिकी द्वादशीला चातुर्मास संपला. नेमांची उद्यापनं करायची, ब्राह्मण जेवू घालायचे आणि सोडलेलं पुन्हा खायला लागायचं. पंतांनी त्या दिवशी मोठा सोहळा योजला. शेठजींचे चिरंजीव मुंबईहून रेवसच्या बोटीने आले. डॉक्टरही जेवायला होते. मांडव घातला. नीराबाईला दोघांनी धरून आणली आणि पाटावर बसवली. तिचे हात काठीसारखे झाले होते. चिरंजीवांनी तिच्या खांद्यांवर लोकरीची शाल घातली, ओटीत नारळ ठेवला. कार्तिकातलं ऊन, सगळ्यांच्या अंगाला धारा लागल्या होत्या. पंत बोलायला उभे राहिले आणि बोलले. 'सर्वत्याग' हा शब्द इतक्यांदा आला की गुणाजीने शेवटी विचारलं, "जेवण सोडून ना?"

मग भटजींनी हातात पळी घेतली आणि विचारलं, "बाईंचा नेम कोणता? उद्यापन कशाचं करू?"

"सर्वत्याग," पंत म्हणाले.

"असं नाही चालत. दान नेमाप्रमाणे असतं. अन्नाचा असेल तर अन्न, मौनाचा असेल तर घंटा. संकल्प काय सोडला होता?"

पंतांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही एकमेकांकडे.

"संकल्पाला कोण हजर होतं?" भटजी हट्टी होते. त्यांना आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं. चुकीचं उद्यापन आपल्या हातून होऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. "कुठल्या देवापुढे, कुठल्या तिथीला? बाई स्वतः काय बोलल्या?"

"'बघू' म्हणाल्या," मी सांगितलं.

"'बघू' हा काही संकल्प नव्हे." भटजींनी पळी खाली ठेवली. "मग ह्यांनी नेम धरलेलाच नाही. जे धरलंच नाही ते मी सोडवू कसं?"

तेवढ्यात आवडाबाई उठली.

"न्हाय धरला!" ती म्हणाली. आधी हळू, स्वतःशी. मग साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशी. "तिने कायबी धरलं न्हाय, कायबी सोडलं न्हाय! तिच्या हातातनं गळून पडलंय सगळं, आन् तुमी त्याची फुलं करून तिच्यावरच वाह्यलीत! सायेब, तिने डबा आनून दिला तवा तुमी परवचन केलंत. तिला इचारलंत का, बाई, हा डबा का देतीस? तिने भाकर टाकली तवा इचारलंत का, गोड लागत न्हाय का? एकाने बी? खडीसाखर आनलीत! साखर काय करायची तिला, तिला भाकरीची चव कळंना!"

"आवडाबाई, पाहुणे आहेत," पंत म्हणाले.

"असूं द्या! पावन्यांनी बी बघावं! चाळीस वर्सं हिने पहाटे उठून मासळी आनली, साफ केली, वाळवली, इकली. तुमी तिच्या हातातला खराटा काडून घेतलात. घागर काडून घेतलीत. म्हनलात विसरांती घे. ती घेत्येय बघा विसरांती! किती घ्यावी तिने अजून?"

"पण त्या किती शांत झाल्या आहेत..." शेठजींचे चिरंजीव चाचरत म्हणाले.

"शांत? पाटीतली मासळी बी शांत असते, शेठ! तिच्यापुडं कुनी भजन म्हनतं का?" मग ती वळली आणि तिचा आवाज फाटला. "आन् मी! मला वाटलं, माज्यावर रागावलीय. म्हनून मी तोंड फिरवून बसले. एका खोलीत! ती 'तुजंच खरं' म्हनाली तवाच मला कळाय पायजे होतं. नीरा कदी म्हनेल का तसं? बोंबील तिनेच भिजवले हे तिला बी ठाव हाय, मला बी ठाव हाय, पर ती मरंपत्तूर कबूल करायची न्हाय! त्या दिवशी ती कबूल झाली, आन् मी, मी गाढव, मी अबोला धरला!"

तिने डॉक्टरांकडे बोट रोखलं. त्यांच्या पत्रावळीवर जिलेबी होती.

"उटा! इचारा तिला. नळी नको. तोंडाने इचारा!"

डॉक्टर उठले. बावन्न वर्षांचा, कोट घातलेला माणूस, हात न धुता उठला आणि नीराबाईच्या पाटाशी उकिडवा बसला. मला वाटतं, आजाऱ्याच्या इतका खाली तो आयुष्यात प्रथमच बसला असेल.

"बाई, झोप येते का?"

बऱ्याच वेळाने तिची मान हलली. नाही.

"जेवणाची चव लागते?"

नाही.

"सकाळी जास्त जड वाटतं?"

तिने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. कुणीतरी तिच्या गावचं नाव घ्यावं तसं.

"मरावंसं वाटतं का?"

मांडवातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. नीराबाईची मान हलली नाही. डोळे तेवढे भरून आले. डॉक्टर तसेच बसून राहिले. मग उठले, आणि त्यांचे गुडघे वाजले.

"हे दुखणं आहे," ते पंतांना म्हणाले. "वैराग्य नाही, वयोमान नाही. दुखणं आहे. मी मागल्या खेपेला विचारायला हवं होतं."

आणि मग काय सांगू! जे चार महिने कुणाला दिसलं नव्हतं ते एका क्षणात सगळ्यांना कळायला लागलं. जो तो बोलू लागला. चिरंजीव म्हणाले, हिला मुंबईला नेऊ, मोठ्या डॉक्टरला दाखवू. पंत म्हणाले, मलाही शंका होतीच, आपण एक उपसमिती नेमू. भटजी म्हणाले, कुणी करणी तर केली नाही ना ते बघा. आचारी लांबून म्हणाला, दूध-केळं द्या. खडीसाखर ठेवणारी एक बाई म्हणाली, आम्हाला तर पहिल्या दिवसापासून दिसत होतं. डॉक्टर सगळ्यांवर आवाज चढवून सांगू लागले की माझ्या पेटीत ह्यावर बाटली नाही. हिला एकटं ठेवू नका, हिच्या हाताला काम द्या, हिच्याशी बोला. आणि एवढं सांगून तेही चिरंजीवांशीच बोलत राहिले. त्यावर पंत म्हणाले, काम देणं संस्थेच्या ध्येयाविरुद्ध आहे. आवडाबाई म्हणाली, तुमच्या ध्येयाला मी पाटीत घालून बाजारात नेते. चिरंजीव म्हणाले, बाई, सभ्य भाषा वापरा. आवडाबाईने ती वापरली नाही. मीही, इतके दिवस सभ्य राहिलेला, उभा राहून पंतांना काहीतरी म्हणालो. ते छापण्यासारखं नाही. गुणाजीने टाळ्या वाजवल्या. ज्या बाईवरून हे सगळं चाललं होतं, तिच्याकडे सगळ्यांची पाठ झाली होती.

तेव्हा पाटावरून आवाज आला. बारीक, गंजलेला, बरेच महिने न वापरलेला.

"बाय..."

आवडाबाई गर्रकन वळली, पाटापुढे गुडघ्यांवर बसली. डॉक्टर वाकले. पंतांनी नकळत हात जोडले. भटजींनी पळी उचलली. आता ही काय बोलते म्हणून सगळ्यांनी श्वास धरला.

"बोल, नीरे. बोल गं, माजे बाय. काय पायजे तुला?"

नीराबाईने खांदा हलवला.

"ही शाल काड गं," ती म्हणाली. "टोचते."